खंदकी कोट आणि पणदऱ्याची घोंगडी

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या सडकेवर पणदरे हे गाव लागते. ज्यास कोकणातील किंवा मावळातील पाऊस ठाऊक आहे, त्यास येथील पावसाचे कौतुक वाटावयाचे नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षास दोनशे इंचांहून अधिक जलवृष्टी होते. पण तेच मेघ पूर्वेस उतरून कऱ्हा-नीरेच्या दुआबात येईपर्यंत रिते होतात, आणि बारामतीच्या पट्ट्यास वीस इंचांच्या आसपास पावसावर वर्ष काढावे लागते. 1876-77 च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळून निघाला. पुढे भाटघरच्या धरणाचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने या बाजूस आले आणि जेथे बाजरीचे कणीसही कष्टाने भरे, तेथे ऊस डोलू लागला. तथापि कालवा आला म्हणून आकाश बदलले नाही. येथील पाऊस थोडा, लहरी, बहुधा भाद्रपदात उशिरा येणारा, आणि आला म्हणजे वाऱ्यासह तिरपा झोडपणारा असा आहे.

अशा गावी पावसाळी कोटाचा विचार करावयास आम्ही कसे गेलो, हे प्रथम सांगितले पाहिजे. आमचा भाचा वस्त्रविद्येच्या उच्च शिक्षणासाठी इंग्लंडात लीड्स येथे जावयाचा होता. तेथील थंडी-पाऊस ऐकून त्याच्या मनाने एकच गोष्ट घेतली होती, ती म्हणजे ट्रेंच कोट. त्याच्या आईने, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीने, आम्हांस निरोप धाडला, “दादा, तुम्ही त्याच्याबरोबर दुकानी जा. तो नुसत्या दिसण्यावर भुलेल.” सबब पुण्यास जाऊन आम्ही दोघांनी कोट घेतला. दोनच दिवसांनी पणदऱ्याच्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने गौरीगणपतीच्या निमित्ताने बोलाविले होते, तेथे भाचाही आला. आणि आभाळ भरलेले पाहून त्याने तो नवा कोट बरोबर घेतला. त्या दोन दिवसांत आमच्या ध्यानी जे आले, ते वाचकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहो.

ट्रेंच म्हणजे खंदक. यास्तव या वस्त्रास खंदकी कोट म्हटल्यास हरकत नाही, आणि हे नाव ध्यानी ठेवल्यास त्याची निवड करणेही सोपे जाते. 1914 ते 1918 च्या महायुद्धात फ्रान्स व बेल्जम येथील खंदकांत सैन्ये महिनेन् महिने चिखलपाण्यात उभी होती. लोकरीचे जाड ग्रेटकोट पाणी पिऊन आणि चिखल माखून इतके जड होत की, चालणे कठीण व्हावे. तेव्हा हलका, वाऱ्यास अडविणारा आणि पाणी निथळून टाकणारा असा हा सुती कोट पुढे आला. परंतु तो सर्वांच्या वाट्यास आला नाही. अधिकाऱ्याने तो स्वतःच्या खर्चाने शिवून घ्यावा आणि साध्या शिपायाने सरकारी ग्रेटकोटातच राहावे, अशी ती व्यवस्था होती. एकाच खंदकात, एकाच पावसात उभ्या असलेल्या दोन माणसांचे हुद्दे त्यांच्या अंगावरील कापड भिजते की नाही यावरून ओळखू यावे, ही गोष्ट या कोटाच्या ऐटीकडे पाहताना विसरता कामा नये.

त्याच्या कापडाची कथा अधिक मनोरंजक आहे. टॉमस बर्बेरी या इंग्रज कापडवाल्याने 1879 मध्ये गॅबर्डीन नावाचे कापड सिद्ध केले आणि 1888 मध्ये त्याचे पेटंट घेतले. तत्पूर्वी 1823 पासून मॅकिन्टॉश यांचे रबर लावलेले कापड प्रचारात होते. त्यातून पाणी आत येत नसे हे खरे, पण आतला घामही बाहेर जात नसे, आणि मनुष्य पावसाने न भिजता घामाने भिजे. बर्बेरीने सूत विणण्यापूर्वीच त्यास जलरोधक संस्कार केला आणि मग ते तिरप्या विणीने अत्यंत घट्ट विणले. त्यामुळे पावसाचा थेंब वरून घरंगळून जातो आणि हवेस मात्र वाट राहते. ही कल्पना त्यास इंग्लंडातील मेंढपाळांच्या अंगरख्यांवरून सुचली, असे सांगतात. मेंढ्यांच्या अंगची चरबी लागून लागून त्या अंगरख्यांवर पाणी ठरत नसे. गॅबर्डीन हा शब्दही त्याने नवा घडविला नाही. जाड्याभरड्या अंगरख्यास इंग्रजीत तो जुनाच शब्द होता. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’ नाटकात वादळात सापडलेला विदूषक रानटी कॅलिबनच्या गॅबर्डीनखाली शिरून आसरा घेतो, हे ज्यांनी ते नाटक वाचले असेल त्यांस आठवेल. तात्पर्य, आज जे वस्त्र सभ्यतेचे लक्षण समजले जाते, त्याचे नाव गरिबाच्या अंगरख्याचे आहे. आणि त्याच्या कापडाची युक्ती, ती दंतकथा खरी असल्यास, मेंढपाळाची आहे. त्याचा खाकी रंग तर आपल्याच बाजूचा. खाक म्हणजे धूळ. 1840 नंतरच्या दशकात पेशावरकडील इंग्रजी पलटणीने धुळीत धूळ दिसावी म्हणून तो प्रथम पत्करला.

आता निवडीविषयी. दुकानातील आरशासमोर उभे राहण्यापूर्वी कापड पाहावे. ते उजेडासमोर धरून वीण दाट आहे की विरळ हे तपासावे, आणि दुकानदाराची अनुज्ञा घेऊन त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक, पसरला तर तो कोट केवळ शोभेचा जाणावा. दुसरी गोष्ट खांद्याची. हा कोट आतल्या कोटावरून घालावयाचा असतो, म्हणून आतला कोट घालूनच तो अंगावर चढवावा आणि दोन्ही हात पुढे जोडून पाहावे. पाठीत ताण बसल्यास तो घेऊ नये. ज्या बाहीची शिवण खांद्यावर न येता गळ्यापासून काखेकडे तिरपी उतरते, तीस रॅग्लन बाही म्हणतात. वॉटर्लूच्या 1815 च्या लढाईत हात गमावलेल्या लॉर्ड रॅग्लनचे ते नाव आहे. या बाहीत हात मोकळा राहतो आणि खांद्यावर शिवण नसल्याने पाणी झिरपावयास जागा राहत नाही. तिसरी गोष्ट लांबीची. गुडघा झाकला गेला पाहिजे. मांडीपर्यंतच येणारा आखूड कोट वरचे पाणी गुडघ्यावर आणून सोडतो.

या कोटावर पट्टे, बिरडी व कड्या इतक्या असतात की नवख्यास तो घोड्याचा साज वाटावा. परंतु मूळ कोटात निरर्थक असे फारच थोडे होते. उजव्या छातीवरील पदर कोटाच्या फटीत पाणी जाऊ देत नाही. पाठीवरील सुटी झालर पन्हळीसारखी पाणी दूर सोडते. मनगटाचे पट्टे आवळले की हात वर करताना बाहीतून ओघळ आत येत नाही. गळपट्टी लावली की वारा अडतो. मागची चीर घोड्यावर बसताना आणि लांब पावले टाकताना कामास येते. कमरेच्या पट्ट्याच्या कड्यांत नकाशाची पिशवी अडकवीत असे कोणी सांगतो, हातगोळे अडकवीत असे कोणी सांगतो. खांद्यावरील पट्ट्या हुद्द्याच्या चिन्हांसाठी होत्या. आमच्या भाच्याच्या खांद्यावर अद्याप कोणताच हुद्दा नसल्यामुळे त्या पट्ट्यांचे मोल त्याने अधिक देऊ नये, असे आम्ही त्यास सुचविले. ज्या कोटाची झालर पाठीस शिवून टाकलेली आहे आणि मनगटाचे पट्टे आवळतच नाहीत, तो खंदकी कोटाचे सोंग समजावा. थंड देशात जाणाऱ्याने आत लोकरीचे अस्तर बसविता-काढता येईल असाच कोट घ्यावा. घालताना पट्ट्याचे बक्कल न लावता नुसती गाठ मारण्याची पद्धत आहे, ती सोयीची आहे. आणि कोट उघडा असेल तेव्हा पट्टा मागे बांधावा, म्हणजे तो चिखलात लोळत नाही. ह्या सर्व कसोट्या लावून आम्ही जो कोट घेतला तो उत्तम होता, आणि भाच्याच्या अंगास तो शोभतही होता.

पणदऱ्यास पोहोचलो त्या दिवशी दुपारपर्यंत आकाश नुसते दाटलेले होते. आमच्या यजमानांच्या मोकळ्या रानात त्या आठवड्यात मेंढ्या बसविल्या होत्या. ज्यांस खेड्याची माहिती नाही त्यांच्याकरिता सांगतो की, शेतकरी धनगरास धान्य किंवा पैसे देऊन त्याचा कळप रात्री आपल्या शेतात बसवितो. त्यायोगे रानास लेंडीखत मिळते. वाघर लावून कळप आत कोंडलेला असतो, आणि धनगराचे बिऱ्हाड व घोडी बाजूस असतात. भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती, हे इतिहासात वाचलेले. तिच्या पाठीवर चूलभांडी, करडे आणि तान्हे मूल अशी सारी गृहस्थी एकत्र बांधलेली असते, हे मात्र येथे पाहावयास मिळते. या पट्ट्यातील धनगरांचे पुष्कळ वाडे दिवाळीनंतर चाऱ्याच्या शोधार्थ घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे ते पावसास भिऊन नव्हे, पाऊस ओळखून चालतात.

आम्ही रान पाहावयास गेलो आणि तिसऱ्या प्रहरी पावसाने गाठले. वाऱ्यामुळे छत्रीचा उपयोग नव्हता. भाच्याने कोट घातला, गळपट्टी लावली, मनगटे आवळली. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे थेंब घरंगळू लागले. वाघरीपाशी पंचाहत्तरीच्या घरातील एक धनगर उभे होते. त्यांनी खांद्यावरची काळी घोंगडी काढली, मधोमध दुमडली, एक कोपरा दुसऱ्यात खुपसून टोपरे केले आणि ते डोक्यावर घेतले. डोके, पाठ व पोटऱ्यांपर्यंतचे अंग झाकले गेले, आणि दोन्ही हात काठीस मोकळे राहिले. यास खोळ म्हणतात. तिला ना शिवण, ना गुंडी, ना पट्टा. कोकणातील इरले पाठीवर घेऊन बायका भातलावणी करतात. त्याहून ही खोळ वाऱ्यात अधिक सोयीची, कारण तिला वारा भरत नाही.

पाऊस तासभर चालला. म्हाताऱ्याने भाच्याचा कोट बोटांनी चाचपून पाहिला, वरचे पाणी पाहिले, आणि प्रामाणिक कौतुक केले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, कोट लई झ्याक हाय. पर रातच्याला निजायचं कशात?”

आम्ही त्यांस म्हटले, “बाबा, त्याला तेथे पलंग आणि रजई असेल.”

“मंग बेस हाय,” ते म्हणाले. “आमाला ह्योच कोट, ह्येच हातरून, ह्येच पांघरून. ल्येकराला पाळण्यात हीच, आन् मानूस गेला तर वर हीच.”

भाचा वस्त्रविद्येचा विद्यार्थी असल्याने त्याने लोकरीचे शास्त्र तेथेच सांगितले. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि मेंढीच्या अंगचे मेण त्यावर असते, म्हणून प्रथमचे पाणी वर ठरत नाही. पुढे तंतू पाणी शोषून घेतो, पण आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतके पाणी आत मुरले तरी हातास फारसा ओलावा लागत नाही. उलट शोषण होताना थोडी ऊब उत्पन्न होते. तंतू कुरळे असल्यामुळे त्यांत हवा कोंडलेली राहते आणि भिजलेली घोंगडीही ऊब सोडीत नाही. भिजलेले सुती कापड मात्र अंगास चिकटून ऊब काढून घेते. घोंगडीचा दोष एकच, तो म्हणजे वजन आणि वाळण्यास लागणारा काळ. एखादे काम वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले म्हणजे आपण त्यास भिजत घोंगडे म्हणतो, ते त्यामुळेच.

कांबळ्याची परीक्षा हा विषय आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशातील वस्तूंची लक्षणे सांगितली आहेत, तेथे रत्ने व चंदन यांच्या पंक्तीस लोकरी वस्त्रेही बसली आहेत. नेपाळातून येणारे, आठ तुकडे जोडून केलेले एक काळे कांबळे तेथे वर्णिले असून त्यास वर्षवारण, म्हणजे पाऊस अडविणारे, असे म्हटले आहे. उत्तम लोकर कोणती, तर जी स्पर्शास बुळबुळीत, जणू ओलसर, शिवाय बारीक व मऊ असते ती, असेही लक्षण दिले आहे. हा ओलसरपणा म्हणजे लोकरीच्या अंगचे मेणच होय, असे आम्हांस वाटते. पाणिनीने तर कंबल्य या शब्दाकरिता स्वतंत्र सूत्र खर्ची घातले. कंबल्य म्हणजे शंभर पल लोकर, असे टीकाकार सांगतात. ज्या देशात सूत्रकार एक मात्रा वाचवावयास धडपडत, तेथे कांबळ्याच्या वजनास सूत्र मिळावे, यावरून या वस्त्राचे व्यवहारातील स्थान कळून येईल.

आमची दख्खनी मेंढी मात्र बारीक लोकरीची नव्हे. तिची लोकर राठ, काळी, करडी किंवा पांढरी असते. ती कातरावयाची, पिंजावयाची, मग घरच्या बायांनी चरख्यावर काढावयाची. सनगर तो ताणा जमिनीवर पसरून त्यास चिंचोक्याची खळ देतो आणि मागावर घोंगडी विणतो. नवी घोंगडी खळीमुळे ताठ असते व अंगास टोचते. वापराने ती मऊ होते. घेताना ती उन्हाकडे धरावी, वीण सारखी असावी, काठ पक्का असावा, आणि नाकास मेंढीचा वास यावा. त्या वासास नाक मुरडणाऱ्याने घोंगडी घेऊ नये. हल्ली कृत्रिम धाग्याची कांबळी घोंगडी म्हणून विकली जातात. शंका आल्यास एक धागा उपटून जाळावा: लोकरीस केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटात चुरते, कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी होते. घरी आणल्यावर ती वारंवार धुऊ नये, उन्हात टाकावी, आणि ठेवताना कडुलिंबाचा पाला घालावा, म्हणजे कसर लागत नाही.

या विषयात आमच्यासारख्या घरांचाही संबंध आहे, तो स्पष्ट बोलणे बरे. सोवळ्यात धाबळी चाले, कारण लोकरीस विटाळ नाही, अशी आमच्या वाडवडिलांची समजूत होती. देवघरात व स्वयंपाकघरात जे वस्त्र निःशंकपणे वावरे, ते मेंढपाळाने कातरलेले व सनगराने विणलेले असे. वस्त्र आत आले. ज्यांच्या हातांनी ते केले, ते मात्र ओसरीच्या खाली उभे राहिले. फ्रान्समधील खंदकात अधिकाऱ्याचा कोट आणि शिपायाचा कोट यांत जो भेद होता, त्याविषयी खंत करताना हा आपल्या घरचा भेदही दृष्टीसमोर असावा.

आणि आज ती लोकर कोणासच नको आहे. आम्ही म्हाताऱ्यांची घोंगडी पाहून तशी एक विकत मागितली. ते म्हणाले, “ही इकायची न्हाय. इनणारा सनगर गेला. आता लोकर कातरायची मजुरीबी सुटत न्हाय, लोकं रानात टाकून देत्यात.” हे आम्ही अन्यत्रही ऐकले आहे. पानिपतकडील स्वस्त कांबळी बाजारात आली, मेंढी मांसासाठी पाळली जाऊ लागली, आणि लोकर हा कचरा झाला. चरख्यावर बसणारे हात थकले आणि त्यांच्या सुनांनी तो चरखा पुढे चालविला नाही. त्यांस दोष कोण देईल? दिवसभर सूत काढून पदरी जे पडते, त्याहून अधिक एका दिवसाच्या ऊसतोडीत पडते. म्हाताऱ्यांचा मुलगा कारखान्यात कामास जातो. कळप या पिढीबरोबर संपेल असे ते शांतपणे बोलले, जणू दुसऱ्याच कोणाचा कळप होता.

इंग्लंडातील कोट टिकला, कारण युद्ध संपल्यावर त्यास गिऱ्हाईक मिळाले. अधिकारी गेले आणि साध्या नागरिकांनी तो घेतला. घोंगडीत उणे काही नाही, तिला केवळ गिऱ्हाईक नाही. हे गिऱ्हाईक आपल्या घरांनी व्हावे, एवढीच आमची सूचना आहे. दया म्हणून घेऊ नये; प्रवासात, गच्चीवर निजताना, पाठदुखीवर, थंडीच्या पहाटे वाचावयास बसताना ती उपयोगी म्हणून घ्यावी, वर सांगितलेल्या कसोट्या कठोरपणे लावाव्या, आणि मग किमतीत घासाघीस करू नये. ज्या घरात कोटावर हजारो रुपये खर्च होतात, तेथे एका घोंगडीच्या मजुरीचा हिशेब जड जाऊ नये.

चौकशी करता म्हाताऱ्यांच्या सनगराचा एक पुतण्या फलटणच्या बाजूस अद्याप मागावर बसतो असे समजले. आमच्या यजमानांनी त्यास निरोप दिला. पुढील कातरणीची लोकर म्हाताऱ्यांच्या कळपाची, सूत त्यांच्या धाकट्या बहिणीच्या चरख्याचे, आणि मजुरी आमच्याकडून आगाऊ, असे ठरले. घोंगड्या दोन सांगितल्या आहेत. एक आमच्यासाठी; दुसरी भाच्याने मागून घेतली. लीड्सच्या विद्यालयात लोकरीवर जे शिकवितात, ते ऐकताना दख्खनी मेंढीचा एक नमुना आपल्या खोलीत असावा, असे तो म्हणतो. कोट तो अंगावर घालून गेला. घोंगडी तयार झाली की ती टपालाने पाठवावयाची आहे, आणि तिचे वजन किती भरेल, हे विचारावयास त्याच्या आईने मला दोनदा पत्र लिहिले आहे.